वाकायचं कोणी?

या पुस्तकाचा जो वाचक मी डोळ्यांपुढे धरला आहे, तो वाराणसीत ब्रह्माघाट किंवा दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत राहतो. घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी हिंदी. नोकरीतून निवृत्त झाला आहे, किंवा ती आयुष्यभर शाळेत शिकवून आता घरी बसलेली बाई आहे. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला असतो आणि आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला आहे. त्या यंत्रावर करायची कामं मोजकी आहेत. घराण्याची वंशावळ लिहून काढायची, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायचं, नातवंडांचे फोटो सांभाळायचे. यातलं एकही काम मुळात अवघड नाही. तरी प्रत्येक कामापाशी हा माणूस अडतो, आणि अडला की पहिला दोष स्वतःला देतो: "मला यातलं काही कळत नाही. या वयात आता काय जमणार?"

हे त्याचं म्हणणं खरं नाही, आणि ते खरं नाही हे पटवून देण्यासाठीच मी हे पुस्तक लिहिलं आहे.

तो कोणत्या गल्लीत राहतो ते जरा पाहा. हे घाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित या मराठी पंडितांच्या पुढाकाराने उभे राहिले. शिवाजी महाराजांना १६७४ साली राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीतल्याच मराठी भट्ट घराण्यातले. १९२० साली सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाला आकार देणारे बाबूराव विष्णु पराडकर हेही काशीच्या मराठी घरातले. जवळच रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. तिथे २०२५च्या अखेरीस अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या सुमारे दोन हजार मंत्रांचं दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत पूर्ण केलं. ज्या वस्तीत हे घडतं तिथल्या माणसाला मेनूतली दहा नावं लक्षात राहत नाहीत, असं म्हणणाऱ्याने आपलं निदान पुन्हा तपासून पाहावं.

दंडक्रमासारख्या वेदपाठाच्या विकृतींबद्दल, म्हणजे शब्दांचा क्रम फिरवून म्हणायच्या पद्धतींबद्दल, इथे थोडं लिहितो, कारण आपल्या विषयाची किल्ली मला तिथे सापडली. घनपाठात शब्द सरळ म्हटले जात नाहीत. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असा क्रम असतो. सरळ आणि उलट अशी दोन्ही बाजूंनी वीण घातल्यामुळे एखादं अक्षर निसटलं, स्वर घसरला, की पुढच्याच पावलाला ते उघडं पडतं. माणूस चुकणार हे गृहीत धरून रचलेली ही पद्धत आहे. चूक होताक्षणी कळावी आणि तिथल्या तिथे सुधारता यावी, याची सोय पाठाच्या रचनेतच केलेली आहे. शिवाय एकदा बसवलेला क्रम कोणी मधेच येऊन बदलत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर नेमकं याच्या उलट चालतं. चूक झाल्याचं पुष्कळ वेळाने कळतं, आणि शिकलेली जागा न विचारता बदलली जाते. डेन्मार्कचे संशोधक याकोब नीलसन यांनी १९९४ साली वापरसुलभतेची दहा सूत्रं मांडली. त्यातलं एक असं की वापरणाऱ्याला गोष्टी आठवाव्या लागू नयेत, त्या समोर दिसून ओळखता याव्यात. दुसरं असं की चूक झाल्याचा संदेश साध्या भाषेत असावा आणि पुढे काय करायचं तेही त्याने सांगावं. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या जगभरच्या संस्थांत ही सूत्रं शिकवली जातात. तरी २००७च्या ऑफिसमध्ये जुन्या मेनूंच्या जागी रिबन नावाची पट्टी आली आणि वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेल्या आज्ञा नव्या ठिकाणी शोधत बसावं लागलं. २०१२च्या विंडोज ८ मध्ये डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटणच काढून टाकलं गेलं. १९९५पासून कोट्यवधी लोकांच्या बोटांना ती जागा ठाऊक होती. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आणावं लागलं. लोकांची तक्रार ऐकली गेली हे चांगलंच झालं. पण मधल्या काळात आपल्याच चुकीने बटण नाहीसं झालं असं किती घरांतल्या माणसांनी मानलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

लॅरी टेस्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचं नाव इथे घ्यायला हवं. कट, कॉपी आणि पेस्ट ही रीत रूढ करणाऱ्यांतला तो एक. त्याचा एक विचार मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक कामात काही किचकटपणा असतो आणि तो नाहीसा करता येत नाही. तो कोणी सोसायचा, एवढंच ठरवायचं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काही दिवस जास्त खपून तो सोसावा, नाहीतर वापरणाऱ्या लाखो लोकांनी रोज थोडा थोडा सोसावा. ऑफिसात तो सोसायला निदान तिसरा माणूस असतो, सिस्टिम सांभाळणारा, हाक मारली की येणारा. घरात तो नसतो. घरात फक्त फोन असतो आणि पलीकडे मुलगा: "बाबा, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. नाही, सगळं वाचा. आता उजवं क्लिक करा. नाही, उजवं." दोघंही थकतात. आपली अवस्था बघून आपला मुलगा चिडला याचं दुःख बाबांना कॉम्प्युटर बंद केल्यावरही पुरतं.

टेबल, फाइल, फोल्डर, कचऱ्याची टोपली ही पडद्यावरची सगळी मांडणी मुळात कचेरीची आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली स्टार नावाचं यंत्र काढलं ते कचेऱ्यांसाठीच. १९८४च्या मॅकिंटॉशने ती मांडणी बाजारात लोकप्रिय केली आणि विंडोजने ती घरोघर नेली. घराच्या गरजा काय, हे मुळात विचारलंच गेलं नव्हतं.

आता लिपीकडे येतो. ही प्रस्तावना इथे लांबणार आहे, आणि ती लांबायलाच हवी.

यंत्रापुढे नागरी लिपीने वाकावं की नागरीपुढे यंत्राने, हा वाद काशीला नवा नाही. १८९३ साली याच शहरात नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली. तिच्या आणि मदनमोहन मालवीयांच्या खटपटीनंतर १८ एप्रिल १९०० रोजी तेव्हाच्या वायव्य प्रांताच्या सरकारने कचेऱ्यांत आणि कोर्टांत नागरीला वाट करून दिली. पण कोर्टात लिपी शिरली तरी टाइपरायटरच्या कळा होत्या तेवढ्याच होत्या. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या त्यावर बसेनात. मग लिपी सुधारावी असे प्रस्ताव आले. महाराष्ट्रात सावरकरांनी तसा आग्रह धरला. उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. १९५३च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे न्यावी, इथपर्यंत मजल गेली. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि काही वर्षांत तो निर्णय मागे पडला. डोळ्यांना लागलेलं वळण यंत्रासाठी मोडायला माणसं तयार नव्हती, आणि त्यांचंच बरोबर होतं.

कॉम्प्युटर आला तेव्हा हा प्रश्न खरं तर सुटायला हवा होता, कारण इथे कळांची संख्या आणि पडद्यावरचं अक्षर यांचा थेट संबंध उरत नाही. कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात यावर मोलाचं काम झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली ठरला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जसं उच्चारतो तसं टंकायचं, अशी त्याची स्वच्छ रचना आहे. 'कि' लिहायचं तर आधी क, मग इकार. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं हे यंत्राचं काम. १९९१ साली अक्षरं साठवण्याचं इस्की हे भारतीय मानक आलं, आणि त्याच वर्षी युनिकोड या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. एवढी तयारी असताना घरातल्या माणसाच्या वाट्याला मात्र पुढची वीस वर्षं निराळंच काही आलं.

वाराणसीच्या कचहरीबाहेरच्या टायपिस्टांनी, छापखान्यांनी आणि डीटीपीच्या दुकानांनी कृतिदेव आणि चाणक्य हे फॉण्ट धरले. पुण्या-मुंबईत श्रीलिपी आणि आकृती चालले. या फॉण्टांत अक्षर देवनागरी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं असतात. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की आत साठवलेलं असतं एच, के, के, जे, आर. जोवर तो फॉण्ट त्या कॉम्प्युटरवर आहे तोवर सगळं ठीक दिसतं. कॉम्प्युटर बदलला, की भारताच्या जागी ती पाच रोमन अक्षरं उभी राहतात.

मराठी घरांत याने किती नुकसान केलं याची नोंद कुठेच नाही, म्हणून ते इथे सांगतो. काशीतल्या काकांनी आपल्या शाखेची हकीगत कृतिदेवमध्ये टंकून ठेवली. पुण्याच्या चुलतभावाने त्याच कुळाचा वृत्तांत श्रीलिपीत केला. दोघांची भाषा एक, लिपी एक, आडनाव एक. फायली एकमेकांना पाठवल्या तर दोघांनाही एक ओळ वाचता येत नाही. दोघांना वाटतं की पाठवताना आपलंच काही चुकलं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण जुन्या फॉण्टांत वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने लागते. त्यामुळे रूपांतरात नेमके इकार आणि रफार ढळतात. वंशावळीत नावं चुकीची होणं म्हणजे काय, हे ज्याने पिंडदानाच्या वेळी पूर्वजांची नावं उच्चारली आहेत त्याला सांगायला नको.

युनिकोड आल्यावरही वाट सरळ झाली नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि तिच्याबरोबर मंगल हा फॉण्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनातलं हे मोठं मराठी नाव, मुंबईच्या आयआयटीत त्यांनी शिकवलं. एका मराठी कलावंताचा हात जगभरच्या कॉम्प्युटरांत पोचला, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण २००१च्या विंडोज एक्सपीत ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषांचं पान उघडायचं, आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' अशा अर्थाच्या चौकटीत खूण करायची. पुढे कंसात नाव होतं थाईचं. हिंदी, मराठी, देवनागरी यांतला एकही शब्द त्या ओळीत नव्हता. खूण केली की कॉम्प्युटर मूळ सीडी मागायचा, आणि ती सीडी बहुतेक घरांत नसायचीच. ज्या लिपीत कोट्यवधी लोक लिहितात तिचं दार अशा पाटीमागे ठेवलं होतं. दार सापडलं नाही म्हणून ज्यांनी मराठी रोमन अक्षरांत लिहायची सवय लावून घेतली, त्यांना भाषेचं प्रेम नाही असं मी कधीही म्हणणार नाही.

काशीतल्या मराठी माणसाला आणखी एक अडचण आहे. इथल्या दुकानात कॉम्प्युटर तयार करून देणारा 'हिंदी' निवडून मोकळा होतो. मग 'ळ' कुठे आहे ते कळत नाही, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' लिहायला जावं तर रफार डोक्यावर चढून बसतो. दोन्ही अक्षरं त्याच कळफलकावर आहेत. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी एन दाबला की ळ उमटतो. शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, आणि त्यापुढे हलन्त व य दिला की 'ऱ्य' मिळतो. कळफलकावर हे छापलेलं नसतं आणि पडद्यावरही कुठे दिसत नाही. त्यामुळे बाळकृष्णाचा बालकृष्ण होतो. पाच-सहा पिढ्या काशीत राहून ज्या घराने आपला ळ जपला, त्या घरातून तो एका न दिसणाऱ्या कळेपायी जावा, हे मला सहन होत नाही.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने जीवन प्रमाण योजना सुरू केली. बँकेच्या रांगेत उभं राहू न शकणाऱ्यांसाठी ही फार चांगली कल्पना होती. पण घरच्या कॉम्प्युटरवरून दाखला द्यायचा तर अंगठ्याचं यंत्र हवं, त्याचा ड्रायव्हर हवा, शिवाय नोंदणीकृत यंत्राची वेगळी सेवा पार्श्वभूमीवर चालू हवी. यातला एक दुवा तुटला तरी अंगठा नीट लागत नाही एवढंच कळतं. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजलेल्या असतातच, त्यामुळे माणूस दोष बोटाला देतो आणि शेवटी जनसेवा केंद्राची वाट धरतो. २०२१पासून चेहरा दाखवून हे काम मोबाइलवर होऊ लागलं, तेव्हा पुष्कळांची सुटका झाली.

तसंच ई-आधारचं. उतरवलेली पीडीएफ उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि सहीची वैधता अज्ञात असल्याचं लिहिलेलं असतं. सही खरी असते, कागद खरा असतो. सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर या कॉम्प्युटरने अजून विश्वास ठेवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण सरकारी कागदावर पिवळं प्रश्नचिन्ह पाहून निवृत्त शिक्षिकेला काय वाटेल? आपला आधार खोटा निघाला, असंच वाटेल.

ही भीती जुनी आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर यायचं की या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे आणि तो बंद केला जाईल. दोष कोणत्याही माणसाचा नसायचा. तरी तो 'बेकायदेशीर' शब्द वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्या पिढीने इंग्रजी कोर्टाच्या नोटिशीत वाचली, तिला तो शब्द हलका कसा वाटावा?

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचा आहे. न समजणाऱ्या, दरडावणाऱ्या चौकटींपुढे मान तुकवून ओके दाबायची सवय वर्षानुवर्षं लावली, की तशीच चौकट एखादा ठग पाठवतो तेव्हा हात आपोआप तिकडे जातो. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' ही खिडकी आणि खरी सूचना यांत फरक करायला आपण कधी शिकवलंच नाही. पोलीस असल्याची बतावणी करून डिजिटल अरेस्टच्या नावाने लोकांना लुबाडण्याचे प्रकार एवढे वाढले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सावध करावं लागलं. फसलेल्यांना लोभी किंवा भोळं म्हणणं सोपं आहे. ती माणसं आज्ञाधारक होती. त्यांना आज्ञाधारक बनवण्यात चांगल्या, प्रामाणिक सॉफ्टवेअरचाही वाटा आहे, हे बनवणाऱ्यांनी मान्य केलं पाहिजे.

आणखी एक अडचण आत्ताची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि जुन्या प्रोसेसरांना ती आवृत्ती घेतच नाही. मुलाने ठेवून दिलेली पुष्कळ यंत्रं यात अडकतात. ती चालतात, पडदा उजळ असतो, छपाई होते. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती आपणहून नोंदवावी लागते. माझं मत स्पष्ट आहे. चालतं यंत्र टाकून देण्याआधी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून पाहावं आणि लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस वापरावं. लिब्रेऑफिसमधले मेनू अजूनही जुन्या पद्धतीने ठेवता येतात, आणि त्याच्या फायलींचं स्वरूप सगळ्यांना खुलं आहे. तिथेही अडचणी आहेत, विशेषतः प्रिंटर आणि अंगठ्याच्या यंत्राच्या, आणि त्या मी पाचव्या प्रकरणात लपवलेल्या नाहीत.

पुस्तकाची रचना कामांनुसार आहे, प्रोग्रॅमांनुसार नाही. वंशावळ लिहायची असेल तर ते एक प्रकरण, दाखला द्यायचा असेल तर ते दुसरं. प्रत्येक कामात यंत्र कुठे अडवतं, अडवल्यावर पडद्यावर नेमकं काय दिसतं, आणि त्यातलं तुमच्या हातात किती, एवढंच सांगितलं आहे. जिथे दोष बनवणाऱ्याचा आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. चुकून काही दाबलं गेलं तर मागे कसं यायचं, हे प्रत्येक कृतीच्या आधी दिलं आहे, नंतर नाही.

पहिलं प्रकरण जुन्या फायली वाचवण्याचं आहे. ते उघडण्याआधी एक काम करून ठेवा. कृतिदेव, चाणक्य, श्रीलिपी, आकृती यांतल्या कशातही काही टंकून ठेवलेलं असेल, तर ज्या कॉम्प्युटरवर ते अजून नीट दिसतं आहे तो विकू नका, कोणाला देऊ नका, आणि दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट करू देऊ नका. त्याच कॉम्प्युटरवरून प्रत्येक पान कागदावर छापून घ्या, आणि फायलींबरोबर त्यांचे फॉण्टही पेनड्राइव्हवर उतरवा. रूपांतर केल्यावर प्रत्येक नाव ताडून पाहायला तो छापील कागदच लागणार आहे.